सावंतवाडीच्या राजवाड्यातून भेटवस्तू: बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी काय घ्यावं?

वैदेही_नाशिक

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. कार्यक्रम इथेच, नाशिकला, घरगुती. बाबांचं सगळं लहानपण सावंतवाडीत गेलं. त्यांचे आजोबा आणि आळीतले दोघं म्हातारे दुपारची जेवणं झाली की ओटीवर चादर अंथरून गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, खेळत बसायचे. बाबांनी हे इतक्यांदा सांगितलंय की मत्स्याचा राजा, परशुरामाचा प्रधान ही नावं मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहेत. पोरांनी पत्त्यांना हात लावायचा नाही असा दंडक होता. पुढे ते घर विकलं गेलं आणि पत्त्यांचा डबा कुणाकडे गेला ते कुणालाच आठवत नाही.

आम्हा भावंडांना या वेळी शाल आणि चांदीची वाटी नकोय. बाबांसाठीही आणि येणाऱ्या मंडळींसाठीही राजवाड्यातल्या गंजिफाशी संबंध असलेलं काहीतरी द्यायचं मनात आहे. पण शोधायला बसले तेव्हा गोंधळ वाढला. गंजिफाची नक्षी असलेले कप, उशांचे अभ्रे, ट्रे, घड्याळं, चाव्या अडकवायच्या फळ्या, काय काय दिसतं. त्यातलं राजवाड्यात हाताने रंगवलेलं कोणतं आणि कुठेतरी छापून आलेलं कोणतं, फोटोवरून कळत नाही.

बाबांच्या वस्तूसाठी आम्ही चौघं मिळून खर्च करणार आहोत, तिथे फार हात आखडायचा नाही. येणारी घरं चौदा आहेत, प्रत्येक घराला साधारण पाचशे-सहाशेच्या आसपास. शिवाय माझ्या भाचीचे सासू-सासरे स्टुटगार्टहून येणार आहेत, त्यांना काय द्यावं हा वेगळा प्रश्न. डिसेंबरात दोन दिवस सावंतवाडीला जाऊन यायचा विचार आहे.

तिकडचं कुणी असेल तर सविस्तर सांगा. आणि एक, दशावतारी संच घेतला तर तो खरंच खेळता येतो का, की नुसता शोभेचा असतो?

घाटवाट

कोल्हापूरहून आंबोलीमार्गे अनेकदा जाणं होतं म्हणून लिहितो. राजवाडा अगदी गावात, मोती तलावासमोर आहे, शोधावा लागत नाही. दरबार हॉलमध्ये कारागीर खाली बसून रंगवत असतात, ते बघायला मिळतं. पण चितार आळी, म्हणजे लाकडी वस्तूंच्या दुकानांची गल्ली, चुकवू नका. लाकडी फळं तिथलीच घ्या. आंबा, फणस, केळ्याचा घड, सीताफळ. टोपलीत ठेवलं तर पाहुणा हात लावून बघतोच. चौदा घरांना छोटी छोटी टोपली दिली तर तुमच्या हिशोबात बसेल असं वाटतं.

गंजिफाबद्दल मला फार कळत नाही, ते जाणकार सांगतील.

चित्रकलाबाई

वैदेही, मी सावंतवाडीचीच. नोकरीभर शाळेत चित्रकला शिकवली, दर वर्षी मुलांना राजवाड्यात गंजिफा रंगवताना दाखवायला न्यायचे. घरही चितार आळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. बाबांका माझो नमस्कार सांग.

आधी बाबांची वस्तू. त्यांना पूर्ण दशावतारी संच दे. १२० पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते. ओटीवर जो डाव चालायचा तो हाच. ९६ पत्त्यांचा मुघल गंजिफाही मिळतो, त्यात आठ रंग असतात, पण मत्स्याचा राजा आणि परशुरामाचा प्रधान ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला तो देऊन काय करायचं?

आता संचातही दोन तऱ्हा आहेत आणि इथे मी नेहमीच्या सल्ल्याच्या उलट सांगणार आहे. एक दरबारी कलम. पत्त्याच्या कडेने नक्षीची किनार, कपडे-दागिने बारकाईने काढलेले, सोनेरी रंगाचं काम. दुसरं बाजार कलम. त्यात किनार नसते आणि आकृती मोजक्या रेषांत उरकलेली. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले की घेणारा दरबारीवर भाळतो, आणि ते साहजिकच आहे, कारण ते देखणंच असतं. पण बाबांसाठी तू बाजार कलम घे. दरबारी संच घरी आला की काचेच्या कपाटात जातो. त्याला हात लावायला माणूस बिचकतो. तुझ्या बाबांना लहानपणी हात लावू दिला नव्हता, आता त्यांच्या हातात असा संच पडू दे जो चादरीवर टाकायला भीती वाटणार नाही. सामान्य घरांतून खेळला जायचा तो बाजार कलमाचाच.

आणि चित्रकलेची बाई म्हणून सांगते, बाजार कलमातला प्रधान नीट बघ. घोड्यावर बसलेला असतो. चार-पाच फटकाऱ्यांत घोडा उभा केलेला, मान वळलेली, पाय उचललेला. इतकी वर्षं मुलांना सांगत आले की रेघ खोडू नका, एकदाच मारा. ते बघायचं असेल तर तो पत्ता बघावा. कसलेल्या हाताशिवाय ती रेघ येत नाही. किनार आणि सोनेरी रंग पुष्कळ काही झाकू शकतात, इथे झाकायला काहीच नसतं.

हाताचं आणि छापील कसं ओळखायचं? मत्स्याची अठ्ठी काढून घे. तिच्यावर आठ मासे असतात. आठही सावकाश बघ. हाताने रंगवलेले असतील तर एका माशाची शेपटी जाड, दुसऱ्याचा डोळा थोडा खाली, एखाद्या ठिकाणी कुंचला उचलताना रंगाचं टोक ओढलेलं दिसेल. छापील असतील तर आठही तंतोतंत जुळे. मग पत्ता उजेडात तिरका धर. हाताने लावलेल्या रंगाला किंचित उंचवटा असतो, बोटाला कळतो. आणि मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन मोठं करून बघ, छपाई असेल तर रंगाचे बारीक ठिपके दिसायला लागतात. पाठही बघ. परंपरेने ती एकरंगी असते, तिच्यावर नक्षी नसते.

जुन्या पद्धतीत पत्ता कापडाचा व्हायचा. सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, गोल कापायचा, रंगवायचा आणि शेवटी लाखेचा हात. आता बरेच पत्ते पुठ्ठ्यावर होतात, रंगही तयार बाटलीतले असतात. त्यात मला काही गैर वाटत नाही, रेघ अजून माणसाचीच आहे. पण तुझा पत्ता कशावर केलाय ते विचार. तिथले कारागीर मोकळेपणाने सांगतात.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. संच फोडू नकोस. "एकच घेऊ, त्यातले दहा राजे चौकटीत लावू, उरलेले चौदा घरांना वाटू" असं कुणीतरी नक्की सुचवेल. मी असे फोडलेले संच पाहिलेत. सुंदर, जुने, आणि कायमचे निकामी. एक पत्ता गेला की डाव गेला. चौकटीत लावायला सुटा पत्ता हवा असेल तर तसा वेगळा रंगवलेला माग.

आता चौदा घरं. घाटवाट यांनी सांगितलेली लाकडी फळं चांगली आहेत. पांगाऱ्याचं लाकूड, वजनाला हलकं. ज्या घरी म्हातारी माणसं किंवा शाळेतली मुलं आहेत तिथे फळांची टोपली दे. मात्र हातात येईल ते तोंडात घालणारं बाळ असेल तर रंगवलेलं लाकूड देऊ नकोस.

बाकीच्या घरांना राजवाड्यात रंगवलेल्या छोट्या वस्तू. डब्या, लहान तबकं, चौकटी, चाव्यांच्या फळ्या, त्यांवर गंजिफातली एखादी आकृती असते. पाचशे-सहाशेत मोठा ट्रे किंवा चौरंग येणार नाही, ते मनातून काढून टाक. छोटी डबी घे, पण ती त्या घराला शोभेल अशा अवताराची निवड. पाण्याशी नातं असलेल्या घराला मत्स्य, गाई-म्हशी असलेल्या घराला कृष्ण, कारण कृष्णाच्या रंगाची खूण गाय असते. कोकणातल्या घराला परशुराम, त्याची खूण परशू. डब्यांची घरं दहापेक्षा जास्त झाली तर काही अवतार दोनदा येतील, येऊ देत. डबीबरोबर चिठ्ठीत दोन ओळी लिही की हा अवतार तुम्हालाच का दिला. चिठ्ठीशिवाय ती डबी इतर डब्यांत मिसळून जाईल.

जर्मन मंडळींचं सांगते. त्यांना दशावतारी संच देऊ नकोस, नियम कळेपर्यंत त्यांचं परतीचं विमान सुटेल. गंजिफाच्या शैलीत रंगवलेला ५२ पत्त्यांचा जोड मिळतो, गोल पत्ते, पण इस्पिक-बदामचेच. तो दे. त्याच रात्री खेळायला बसतील. आणि त्यांना रुडॉल्फ फॉन लेडेन यांच्याबद्दल सांग. बर्लिनला १९०८ साली जन्मलेला माणूस, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबईला आला आणि इथलाच होऊन गेला. मुंबईच्या नव्या चित्रकारांच्या पाठीशी उभा राहिला, वर्तमानपत्रात कलेवर लिहायचा. भारतभरचे गंजिफा त्याने जमवले, अभ्यासले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९८२ मध्ये गंजिफाचं प्रदर्शन झालं त्याची माहितीपूर्ण सूची त्याचीच. आपल्या पत्त्यांवर एका जर्मन माणसाने इतका जीव लावला हे ऐकून त्यांना भेट जवळची वाटेल.

खूप लांबलं. पण अजून काही विचारायचं असेल तर विचार.

निरंजन_ठाणे

बाई, तुमचं लिखाण आवडलं, पण एका मुद्द्यावर असहमत आहे. चौदा घरांपैकी किती जणांना गंजिफाची आस्था असेल? हाताने रंगवलेली डबी बहुतेक घरी कपाटात जाईल. त्यापेक्षा गंजिफाची नक्षी छापलेले कप किंवा अभ्रे दिले तर रोज वापरले जातील, रोज नजरेला पडतील. छपाईमुळेच ही चित्रं हजारो घरांत पोचतात. हाताचंच हवं हा आग्रह धरला तर कला संग्रहालयापुरती उरेल. शिवाय वैदेहींना एका घराला पाचशेत दोन-तीन वस्तू देता येतील.

चित्रकलाबाई

निरंजन, वापरात राहणारी वस्तू द्यावी हे तुमचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच मी बाबांसाठी दरबारी कलम नको म्हटलं. पण पुढचं पटत नाही, आणि का ते सांगते.

हे काम जवळजवळ बंद पडलं होतं. कारखान्यात छापलेले स्वस्त विलायती पत्ते घरोघरी आले आणि चिताऱ्याकडे संच मागायला कुणी येईना. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला येणारी मोजकी वृद्ध माणसं उरली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्वशीलादेवी यांनी मनावर घेतलं. पुंडलिक चिताऱ्यांसारख्या वयोवृद्ध कारागिराकडून राजमाता स्वतः शिकल्या, मग इतरांना शिकवायला घेतलं आणि राजवाड्याचा दरबार हॉलच कारखान्यासाठी मोकळा केला. सतराशे-अठराशेच्या सुमाराचा, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला वाडा. त्यात माणसं मांडी घालून मासे आणि कासवं रंगवतात, आणि शेजारीच त्यांचं काम विकायला ठेवलेलं असतं. २०१८ मध्ये राजमाता गेल्या. राजघराण्याच्या पुढच्या पिढीने काम चालू ठेवलंय. आता सावंतवाडी गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

हे सांगायचं कारण एवढंच की छापील पत्त्यांनी एकदा ही कला मारली होती. परगावात कुणीतरी राजवाड्यातल्या पत्त्याचा फोटो काढून अभ्र्यावर छापतो, त्यातला एक रुपयाही इथे रंगवणाऱ्या बाईपर्यंत येत नाही. हो, बाईच. तिथे रंगवणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ आहेत. सावंतवाडीसारख्या गावात घर सांभाळून, चित्र काढून चार पैसे हाती यायची सोय फारशी नाही. ज्यांच्या हाताला शाळेत मी वळण लावलं अशा मुलींना मी नेहमी सांगायचे, चांगली रेघ आली तर तिथे विचारून बघा.

म्हणून मी म्हणेन, तीन छापील वस्तूंऐवजी हाताची एकच आणि लहान दे. ती कपाटात गेली तरी रंगवणारीला तिची मजुरी मिळालेली असते, आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा कुंचला हातात घेते. आणि वापरायचंच म्हणाल तर डबीत कुंकू ठेवता येतं, कानातलं ठेवता येतं, औषधाच्या गोळ्याही ठेवता येतात. चाव्यांची फळी तर रोजच हाताळली जाते.

कपाखाली ठेवायच्या चकत्यांबद्दल मात्र सावध करते. दिसायला मोहक असतात, गोल असल्यामुळे गंजिफासारख्याच वाटतात. पण लाखेला उष्णता चालत नाही. वाफाळत्या चहाचा कप ठेवला तर थर मऊ पडतो, डाग पडतो. वरचं आवरण कोणतं आहे, गरम भांडं चालेल का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. तीच काळजी गाडीची. दुपारच्या उन्हात बंद गाडीत संच ठेवून जेवायला जाऊ नकोस, वैदेही.

वैदेही_नाशिक

बाई, काय बोलू! काल रात्री तुमचा प्रतिसाद फोनवर भावंडांना मोठ्याने वाचून दाखवला. बाजार कलमाचंच ठरलं. दादा आधी दरबारी म्हणत होता, "एकदाच देतोय तर भारीतलं देऊ" असं. तुमचं ते लहानपणी हात लावू दिला नव्हता हे वाक्य ऐकलं आणि तो गप्प झाला.

अवतार आणि घरं यांची यादी आई करायला बसली आहे. मोठ्या काकांना कूर्म द्यायचा म्हणते, सगळ्यांचा भार उचलला त्यांनी. धाकट्या मामांना कल्की द्यावा की नाही यावर वाद चालू आहे.

निरंजन, तुमच्या म्हणण्याचाही विचार केला. दोन घरं अशी आहेत जिथे शोभेची वस्तू खरंच वाया जाईल. तिथे चाव्यांच्या फळ्या देते.

बाई, अजून दोन प्रश्न. संच जाताच मिळेल की आधी सांगून ठेवावा लागतो? आणि खेळायचं कसं? बाबांना रंगांची नावं आठवतात, पण ते नुसते बघत बसायचे, खेळले कधीच नाहीत. आम्हाला कुणालाच येत नाही. संच देऊन तो तसाच पडून राहिला तर सगळंच व्यर्थ.

चित्रकलाबाई

मोठ्या काकांना कूर्म! तुझ्या आईला नजर आहे.

संच आधी सांगून ठेव. १२० पत्ते हाताने रंगवायचे म्हणजे आठवड्याचं काम नव्हे. तयार असेल तर उत्तम, पण त्यावर विसंबू नकोस. आत्ताच फोन करून कलम, पत्त्याचा आकार आणि तारीख पक्की कर. आकार मात्र मोठा घे. लहान पत्ते देखणे असतात, पण ऐंशी वर्षांच्या डोळ्यांना नव्वी आणि दश्शी यातला फरक दिसायला हवा. डबाही बघून घे. त्याच्या चारी बाजू रंगवलेल्या असतात, झाकण सरकतं. ते सहज सरकतंय ना हे स्वतः दोन-तीनदा करून बघ, पावसाळ्यात लाकूड फुगलं की अडतं.

आता खेळ. वाटतो तितका अवघड नाही, फक्त एक गोष्ट डोक्यात बसायला वेळ लागतो.

खेळाडू तीन. प्रत्येकाला चाळीस पत्ते. पत्ते गोल आणि जाड, त्यामुळे आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत. चादरीवर सगळे पालथे पसरायचे आणि दोन्ही हातांनी कालवायचे. बाबांना हा आवाज नक्की आठवत असेल, विचार त्यांना. मग वाटायचे. आपले पत्ते हातात पंख्यासारखे धरायचे आणि रंगवार लावून घ्यायचे. चाळीस पत्ते एकदम हातात मावत नाहीत, सुरुवातीला पुढ्यात रंगांचे गट करून ठेवले तरी चालेल.

प्रत्येक रंगात राजा सगळ्यांत वरचा, त्याखाली प्रधान. इथपर्यंत सोपं. पुढे गंमत आहे. पहिले पाच अवतार म्हणजे मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. यांत प्रधानाखाली दश्शी, मग नव्वी, असं उतरत जाऊन एक्का सगळ्यांत खाली. नंतरचे पाच म्हणजे परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. यांत उलट. प्रधानाखाली एक्का, मग दुर्री, तिर्री, आणि दश्शी सगळ्यांत खाली. नवख्या माणसाची धांदल इथेच उडते. रामाची दश्शी हातात आली की तो खूश होतो, आणि ती असते सगळ्यांत हलकी.

डाव दिवसा असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची. रात्री असेल तर कृष्णाचा राजा. खेळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. हुकूम वगैरे काही नाही. एकाने पत्ता टाकला की बाकीच्यांनी टाकायचे, त्या रंगात ज्याचा वरचा, हात त्याचा. शेवटी ज्याच्याकडे जास्त पत्ते जमतील तो जिंकला. घरोघरच्या रीती थोड्या वेगळ्या असायच्या, त्यात अडकू नका.

खरा खेळ स्मरणाचा आहे. मत्स्याचा राजा गेला का, प्रधान कुणाकडे, वामनाची दश्शी पडून गेली की अजून कुणाच्या हातात दडलीय, हे १२० पत्त्यांचं लक्षात ठेवावं लागतं. म्हातारी माणसं दुपारभर गप्प बसून का खेळायची ते तेव्हा कळतं.

म्हणून माझी सूचना अशी. संच आणलास की कार्यक्रमाच्या आधी तुम्ही भावंडं गुपचूप थोडे डाव खेळून घ्या. समारंभाच्या दिवशी गर्दीत नियम शिकवायला वेळ मिळत नाही, आणि बाबा "नंतर बघू" म्हणतील. तीनच खेळाडू लागतात. बाबा, एक तुमच्यातलं आणि एक नातवंड असं बसवा. नातवंडांना अवतारांचा क्रम येत नसेल तर पत्त्यांवरूनच पाठ होईल, शाळेत मी तसाच करून घ्यायचे. एक फळ्यावर लिहिल्यासारखा कागद करून चादरीजवळ ठेवा. डावीकडे पहिले पाच, उजवीकडे नंतरचे पाच, आणि प्रत्येक बाजूला एक्का वर की दश्शी वर ते लिहा. नियमांचं माहितीपत्रक संचाबरोबर आठवणीने मागून घे.

ठेवण्याचं सांगते. ओलसर जागेत नको, पत्त्यांना रबर लावू नको, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नको. हाताला तेल किंवा घाम असेल तर पुसून खेळायचं. मळला तर कोरडं मऊ फडकं, पाणी अजिबात नाही. जर्मन मंडळींना सांग की जोड हातातल्या पिशवीत न्यावा, सामानात टाकू नये.

निरंजन_ठाणे

बाई, मजुरीचा मुद्दा मान्य. छापील अभ्र्याच्या मागे कोण असतं याचा विचार मी केला नव्हता. आमच्या सोसायटीत रमी खेळणारा एक गट आहे, त्यांच्यासाठी ५२ पत्त्यांचा जोड मागवावा म्हणतो. रोजच्या खेळाला टिकेल का?

चित्रकलाबाई

रोज नका खेळू. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर हात धुऊन, चादरीवर खेळलात तर छान टिकेल. चहाचे कप आणि तेलकट भजी मात्र चादरीपासून लांब. आणि एखादा पत्ता हरवला किंवा खराब झाला तर फेकून देऊ नका संच. त्याच पाठीच्या रंगाचा एक पत्ता पुन्हा रंगवून मिळेल का ते विचारा. हाताच्या कामाला ती सोय असू शकते, छापील जोडाचा एक पत्ता कुणी देणार नाही.

घाटवाट

वैदेही, डिसेंबरात जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळता आला तर बघा. नाताळच्या सुमारास गोव्याला जाणाऱ्यांची गर्दी असते, राजवाड्यातही आणि आळीतही. कारागिरांशी दोन शब्द बोलायचे असतील तर मधल्या वारी जा. आणि लाकडी फळं घेताना पपई सोडू नका, कापलेली पपई बियांसकट करतात.

वैदेही_नाशिक

फोन केला आत्ताच. मोठ्या आकाराचा, बाजार कलमाचा संच सांगितला, जानेवारीच्या मध्यापर्यंत देतो म्हणालेत. म्हणजे डिसेंबरात फक्त छोट्या वस्तू आणि ५२ चा जोड घेऊन यायचं, आणि संच धाकटा भाऊ जाऊन आणेल. तो गाडीने जाणार आहे, त्याला उन्हाचं बजावलंय.

आईची यादी झाली. धाकट्या मामांना कल्की नाही, वामन मिळाला. नरसिंह कुणालाच देऊ नये असं आईचं म्हणणं होतं, पण माझी आत्या स्वतःहून म्हणाली, मला द्या.

बाई, सावंतवाडीला आले की तुम्हाला भेटायला आवडेल. व्यक्तिगत निरोप पाठवते.